ऑफसाइडच्या रेषेला जाडी किती?

२९ जून २०२४. युरो चषकाची बाद फेरी, डॉर्टमुंडमध्ये जर्मनी विरुद्ध डेन्मार्क. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेला सामना, त्यात मध्येच विजा आणि गारांमुळे थांबलेला. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही सहा-सात जण जागे होतो. दुसरा हाफ सुरू होऊन तीनेक मिनिटं झाली आणि डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनने गोल केला. जल्लोष झाला, मग नेहमीची ती शांतता. रेफरीचा हात कानाला. थोड्या वेळाने पडद्यावर एक सुबक त्रिमितीय चित्र आलं: राखाडी बाहुले, मध्ये एक उभी भिंत आणि भिंतीच्या पलीकडे डेन्मार्कच्या थॉमस डिलेनीच्या बुटाचं टोक. ऑफसाइड. गोल रद्द. पुढच्या पाचेक मिनिटांत त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू लागल्याबद्दल जर्मनीला पेनल्टी, त्यावर काय हाव्हर्ट्झचा गोल, आणि शेवटी जर्मनी २-० असा पुढे.

डेन्मार्कचे प्रशिक्षक कॅस्पर ह्युल्मंड यांनी सामन्यानंतर सांगितलं, की ते अंतर एक सेंटिमीटरचं होतं.

कॉमन रूममध्ये वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, ''एक सेंटिमीटर असो नाहीतर एक मिलिमीटर, ऑफसाइड म्हणजे ऑफसाइड. मशीन खोटं बोलत नाही.'' हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लॅबमध्ये नेमकं हेच म्हणत होते. त्याची किंमत काय पडली ते शेवटी सांगते. आधी ऑफसाइड नीट बघू. तुमच्यापैकी जे नेट-सेटनंतर संशोधनाकडे वळणार आहेत, त्यांना मोजमाप म्हणजे काय हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

नियम नेमका काय म्हणतो

फुटबॉलच्या नियमावलीतला अकरावा नियम ऑफसाइडचा. सोप्या शब्दांत असा: सहकाऱ्याने चेंडू खेळला किंवा त्याला स्पर्श केला त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात, तुमच्या डोक्याचा, धडाचा किंवा पायाचा कुठलाही भाग चेंडूपेक्षाही आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही गोलरेषेच्या जवळ असेल, तर तुम्ही ऑफसाइड स्थितीत आहात. हात धरत नाहीत. नुसतं तसं उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला तर गुन्हा.

आता हाच नियम प्रयोगशाळेतल्या माणसासारखा वाचा. मोजायच्या गोष्टी तीन आहेत. एक, क्षण: चेंडू कधी खेळला? दोन, शरीराची कड: माणूस नेमका कुठे संपतो? तीन, तुलना: या कडेपासून त्या कडेपर्यंत अंतर किती, आणि चिन्ह अधिक की वजा? या तिन्हींत अनिश्चितता आहे आणि ती शेवटच्या उत्तरात एकत्र येते. बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला आपण व्हर्नियरचा लीस्ट काउंट लिहायचो, तीच ही गोष्ट.

माणूस चुकायचा, पण कसा?

टीका करण्याआधी तंत्रज्ञानाला त्याचं श्रेय देऊ. माणसांच्या ऑफसाइड निर्णयांवर झालेलं संशोधन मुळातून वाचण्यासारखं आहे.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. माझा मामा एका तालमीच्या संघाकडून खेळायचा आणि लहानपणी मला शाहू स्टेडियमवर न्यायचा. झेंडा वर गेला की आजूबाजूचे सगळे लाइनमनचा उद्धार करायचे. मामा मात्र म्हणायचा, ''त्येचं बरोबर का चूक हे मागनं बघू. त्यो रेषेत हुबा हुता का, ते बघ आधी.''

२००० साली 'नेचर'मध्ये राऊल औडेयान्स आणि सहकाऱ्यांनी जवळपास हेच मांडलं. सहायक पंच पुष्कळदा शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत नसतो, थोडा पुढे गोलच्या बाजूला सरकलेला असतो. मग त्याची नजर तिरकी पडते. कागदावर आकृती काढून बघा: पंच रेषेच्या मीटरभर पुढे असेल, तर मैदानाच्या पलीकडच्या अंगाचा आघाडीपटू प्रत्यक्षात मागे असूनही पुढे दिसतो, आणि अलीकडच्या अंगाचा पुढे असूनही मागे दिसतो. म्हणजे चुकांना दिशा आहे, आणि आघाडीपटू कुठल्या बाजूला आहे त्यावर ती दिशा बदलते.

२००२ मध्ये ब्राझीलच्या मार्कुस बाल्डो आणि सहकाऱ्यांनी दुसरं स्पष्टीकरण दिलं. पास सुटला तो क्षण एखाद्या चमकेसारखा असतो, आणि चमकेच्या क्षणी हलती वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या जागेच्या थोडी पुढे दिसते. याला फ्लॅश-लॅग परिणाम म्हणतात. हे खरं असेल तर गोलकडे धावणारा आघाडीपटू नेहमीच थोडा पुढे भासणार, म्हणजे चुकून वर गेलेले झेंडे जास्त आणि चुकून खाली राहिलेले कमी.

संशोधनाला येणाऱ्यांनी इथे थांबावं. दोन्ही स्पष्टीकरणं पटण्यासारखी आहेत, पण त्यांची भाकितं वेगळी आहेत. पहिलं म्हणतं, चुका दोन्ही प्रकारच्या होतील. दुसरं म्हणतं, चुका एकाच बाजूला झुकतील. मग मोजून बघता येतं. वर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी २००२च्या विश्वचषकातले निर्णय तपासले तेव्हा चुकून वर गेलेले झेंडेच खूप जास्त निघाले, म्हणजे पारडं दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे झुकलं. भाकितं जिथे फुटतात तिथे प्रयोग करा, हा धडा मला कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा या दोन-तीन पेपरांनी जास्त चांगला शिकवला.

मुद्दा असा की माणसाची चूक नुसती इकडे-तिकडे विखुरलेली नव्हती. ती पद्धतशीर होती, आघाडीपटूवर अन्याय करणारी होती, आणि कितीही सराव केला तरी पूर्ण जात नाही, कारण ती डोळ्याच्या आणि मेंदूच्या रचनेतून येते. असा झुकाव काढून टाकायला यंत्र हवंच. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

यंत्र काय बघतं

२०२२च्या कतार विश्वचषकात फिफाने अर्धस्वयंचलित ऑफसाइड प्रणाली वापरली. स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. चेंडूत एक सेन्सर, सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा. पहिल्याच सामन्यात तिसऱ्या मिनिटाला इक्वाडोरच्या एनर वालेन्सियाचा गोल या प्रणालीने रद्द करवला. दोन दिवसांनी अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमधले तीन गोल ऑफसाइडमुळे गेले आणि सौदी अरेबियाने सामना जिंकला.

आता वहीत एक साधं गणित करा. आघाडीपटू सेकंदाला ७ मीटरने गोलकडे धावतोय आणि बचावपटू सेकंदाला ३ मीटरने उलट दिशेने वर येतोय. दोघांमधलं अंतर सेकंदाला १० मीटरने बदलतंय. कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात हे अंतर २० सेंटिमीटरने बदलतं. चेंडूतल्या सेन्सरच्या दोन नोंदींमध्ये २ मिलिसेकंद, म्हणजे २ सेंटिमीटर. त्यातही धावताना पुढे येणारं पाऊल धडापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने जातं, आणि निर्णय बहुतेक वेळा बुटाच्या टोकावरच येतो.

याचा अर्थ प्रणाली २० सेंटिमीटरने चुकते असा काढू नका. दोन चित्रांच्या मधल्या क्षणी पाय कुठे होता हे गणिताने काढता येतं, आणि चांगलं काढता येतं. शिवाय मी वेग मुद्दाम जास्त धरलेत. फ्री किकनंतरच्या गर्दीत कुणी एवढं धावत नसतं. पण गणिताने काढलेली जागा ही अंदाजलेली जागा असते. बुटाचं टोक हेही २९ बिंदूंच्या सांगाड्यावर चढवलेल्या शरीराच्या प्रतिकृतीतून येतं. अंदाजाला अनिश्चितता असते. ती २ सेंटिमीटर असेल किंवा ५, पण शून्य नसते.

माझा पहिला आक्षेप: चित्राला एरर बार नाही

प्रेक्षकाला काय दाखवतात? एक काचेसारखी भिंत, जाडी शून्य. एक बूट, कड धारदार. बूट भिंतीतून बाहेर आलाय की नाही, एवढंच.

हे चित्र मोजमाप दाखवत नाही. मोजमापातून काढलेला निष्कर्ष दाखवतं, आणि तोही अनिश्चितता पुसून. तुम्ही सेमिनारला असा ग्राफ लावलात, दोन बिंदू एकमेकांपासून एक एककाने दूर आणि एरर बार नाहीत, तर मागच्या बाकावरचे सर पहिला प्रश्न हाच विचारतील. जगातले कोट्यवधी लोक बघतात त्या ग्राफला मात्र कुणी विचारत नाही, कारण तो ग्राफ दिसतच नाही, बाहुला दिसतो. चित्र जितकं देखणं तितकी शंका कमी, हा आपल्या सगळ्यांचाच कमकुवतपणा आहे. पेपरमधली रंगीत सिम्युलेशनं बघताना हे लक्षात ठेवा.

दुसरा आक्षेप: जे मोजतोय तेच पुसट आहे

हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा उद्या कॅमेरे सेकंदाला दहा हजार चित्रं घेऊ लागले. प्रश्न सुटला का?

चेंडूला लाथ बसते तेव्हा पाय आणि चेंडू साधारण १० मिलिसेकंद एकमेकांना चिकटलेले असतात. वरच्याच वेगांनी तेवढ्या वेळात अंतर १० सेंटिमीटरने बदलतं. मग 'चेंडू खेळला तो क्षण' म्हणजे स्पर्शाची सुरुवात, मध्य की शेवट? डोळ्याने बघणाऱ्या पंचाला हा प्रश्न पडत नव्हता. यंत्राला पडला. म्हणून नियमात स्पष्ट करावं लागलं, की स्पर्शाचा पहिला क्षण धरायचा.

तसंच हाताचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या रोबर्तो फर्मिनोचा गोल काखेच्या आसपासच्या भागावरून ऑफसाइड ठरला आणि बराच गदारोळ झाला. हात धरायचा नाही हे ठीक, पण हात सुरू कुठे होतो? २०२०-२१च्या नियमावलीत उत्तर आलं: हाताची वरची सीमा म्हणजे काखेच्या तळाशी येणारी रेषा. आता काख कुठे संपते हे सेंटिमीटरमध्ये सांगून बघा, तेही जर्सी घातलेल्या, हात उंचावून धावणाऱ्या माणसाची.

मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दावलीत याला नाव आहे: डेफिनिशनल अनसर्टन्टी, व्याख्येतली अनिश्चितता. ज्या राशीचं मोजमाप करायचं तिची व्याख्याच जेवढी तपशीलवार असेल, त्यापेक्षा बारीक मोजमापाला अर्थ उरत नाही. उपकरण कितीही महाग असो.

आणि नियम मुळात कशासाठी होता? आघाडीपटूने गोलपाशी ठाण मांडून बसू नये यासाठी. त्याची भाषा डोळ्यांनी खेळ बघणाऱ्या माणसांसाठी होती. १९९०मध्ये बदल करून बचावपटूच्या बरोबरीत असलेल्याला ऑनसाइड धरलं, ते आघाडीपटूला सवलत म्हणून. माणसाच्या डोळ्याला 'बरोबरीत' हा एक पट्टा होता. शून्य जाडीच्या भिंतीसमोर बरोबरी जवळपास अशक्य आहे. नियमातला शब्द तोच राहिला, पण यंत्राने त्याचा अर्थ बदलला आणि त्यावर वेगळी चर्चाही झाली नाही. संशोधनात हे सर्रास होतं. उपकरण जे मोजू शकतं तीच हळूहळू संकल्पनेची व्याख्या होऊन बसते.

त्याच डॉर्टमुंडच्या सामन्यातली पेनल्टी आठवा. चेंडूतल्या सेन्सरचा आलेख दाखवला, क्रिकेटमधल्या स्निकोसारखा, आणि त्यात टोक दिसलं. चेंडू हाताला लागला हे सिद्ध. पण हाताला लागलेला प्रत्येक चेंडू नियमाने गुन्हा नाहीच. हात शरीराला अस्वाभाविकपणे मोठं करत होता का, हा पंचाने ठरवायचा प्रश्न आहे आणि सेन्सर त्यावर काहीही बोलत नाही. पण त्या आलेखाने सगळ्या खोलीला वाटलं की पुरावा मिळाला. पुरावा होता, पण वेगळ्याच प्रश्नाच्या उत्तराचा.

मग करायचं काय?

क्रिकेटने यावर एक उत्तर काढलंय आणि आपण सगळे त्यावर भांडलोय: अंपायर्स कॉल. पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडूचा पुढचा मार्ग हा अंदाज असतो, म्हणून चेंडू यष्टींना निसटता लागतोय असं दिसलं, तर मैदानावरच्या अंपायरचा निर्णय कायम राहतो. 'एकच चेंडू एकदा आउट आणि एकदा नॉट आउट कसा?' ही तक्रार नेहमीची. पण सांख्यिकीच्या भाषेत ही अगदी सरळ गोष्ट आहे: पुरावा पुरेसा नसेल तर आधीचं गृहीतक सोडू नका.

फुटबॉलमध्ये व्हीएआरचं मूळ तत्त्वही 'स्पष्ट आणि उघड चूक' असंच आहे. पण ऑफसाइडची स्थिती ही 'वस्तुस्थिती' मानली जाते, त्यामुळे तिथे हे तत्त्व लावत नाहीत. माझ्या मते सगळी गडबड या एका शब्दात आहे. वस्तुस्थिती असली तरी आपल्याला ती मोजमापातूनच कळते ना!

काही लीगनी थोडी वाट काढली. डच लीगने पडद्यावरच्या रेषा जाड केल्या आणि दोन रेषा एकमेकींना चिकटल्या तर मैदानावरचा निर्णय कायम ठेवायचं ठरवलं. इंग्लिश प्रीमियर लीगने २०२१-२२च्या मोसमापासून जाड रेषांनी निसटत्या प्रसंगी फायदा आघाडीपटूला दिला.

यावर हमखास येणारा आक्षेप: पट्टा ठेवला तरी पट्ट्यालाही कड असतेच. ५ सेंटिमीटरचा पट्टा असेल तर ५.१ वर तोच वाद होणार. हा आक्षेप बरोबर आहे आणि मी बराच वेळ यावर अडले होते. आता मला असं वाटतं: वाद होणारच, पण वादाचं स्वरूप बदलतं. शून्य जाडीच्या रेषेवर आपण जे सांगू शकत नाही ते सांगितल्याचा आव आणतो. पट्ट्याच्या कडेवर आपण एवढंच म्हणतो, की इथून पुढे आमची खात्री पुरेशी आहे असं आम्ही आधीच ठरवलं होतं. कड दोन्हीकडे आहे, पण दुसरीकडे ती कुणी आखली आणि का, हे उघड आहे. तुमच्या पेपरातला ०.०५ हाही असाच पट्टा. तो निसर्गाने आखलेला नाही. ०.०४९ आणि ०.०५१ यांत कसलाही मूलभूत फरक नाही, हे मान्य करून तो वापरला तर उपयोगी, विसरून वापरला तर घातक.

आणि एक गोष्ट. ३० सप्टेंबर २०२३ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला. तो ऑनसाइड होता, आणि तपासणाऱ्यांना रेषा आखल्यावर तसं दिसलंही. पण मैदानावरचा मूळ निर्णय 'गोल' असाच आहे या समजुतीने त्यांनी 'तपासणी पूर्ण' असं कळवलं, आणि मैदानावर ऑफसाइडच कायम राहिला. रेषा बरोबर, मोजमाप बरोबर, निकाल चुकीचा. एक्सेलमध्ये कॉलम उलटा चिकटवणाऱ्या प्रत्येकाला हे समजेल. सेंटिमीटरच्या दशांशावर घाम गाळताना मोठी चूक भलत्याच ठिकाणी बसलेली असते.

माझा एक सेंटिमीटर

आता माझी गोष्ट. पहिल्या वर्षी मी पातळ फिल्मवर काम करत होते. दोन सॅम्पल, बनवताना तापमान वेगळं. उपकरणाने जाडी दिली: एकाची २१२.४ नॅनोमीटर, दुसऱ्याची २०९.८. चार-पाच वेळा मोजलं, आकडे जवळजवळ तेच. मला वाटलं, तापमानाचा परिणाम सापडला. एका परिषदेला ॲब्स्ट्रॅक्टही पाठवून दिला.

गाइडनी आकडे बघितले आणि एकच विचारलं, ''जाडी म्हणजे कुठपासून कुठपर्यंत?''

फिल्मचा पृष्ठभाग खडबडीत होता. त्याचे उंचवटे आणि खड्डेच ८-१० नॅनोमीटरचे. म्हणजे जिथे 'वरची कड' ही गोष्टच १० नॅनोमीटर जाड आहे, तिथे मी अडीच नॅनोमीटरच्या फरकावर निष्कर्ष काढत होते. मी म्हणाले, ''पण सर, रीडिंग पुन्हा पुन्हा तेच येतंय.'' ते म्हणाले, ''तेच येणार. त्याच जागेवर मोजतेयस.''

ॲब्स्ट्रॅक्ट मागे घेतला. तीन महिने गेले, आणि लाज वाटली ती वेगळीच. प्रत्येक सॅम्पलवर वेगवेगळ्या जागा निवडून पुन्हा मोजलं तेव्हा तो फरक विखुरण्यात हरवून गेला. त्या विषयावर माझ्याकडे आज दाखवण्यासारखं काहीच नाही, हे एक सोडून.

त्यामुळे कॉमन रूममधल्या त्या मित्राला मी फार काही बोलू शकले नाही. मशीन खोटं बोलत नाही हे खरंच आहे. त्याला जे विचारलं तेवढंच ते सांगतं. काय विचारायचं आणि उत्तर किती बारीक वाचायचं हे ठरवणं आपलं काम.

पुढचा पेपर वाचाल किंवा पहिलं रीडिंग घ्याल तेव्हा तीन प्रश्न वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मी मोजतेय त्या गोष्टीची कड मुळात किती धारदार आहे? माझ्या चुकीला दिशा आहे का? आणि खात्री पुरेशी नसेल तर कोणता निर्णय कायम ठेवायचा, हे मी मोजण्याआधी ठरवलंय का?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण आकडा समोर आल्यावर प्रत्येकाला आपलाच गोल ऑनसाइड वाटतो.